नवापूर ते भुसावळ : सेवेचे शेवटचे एकोणीस दिवस

2023 च्या ऑगस्टमध्ये आम्ही दोघे नवापूरला उतरलो, तेव्हा शेतांत भात उभा होता. 2025 च्या फेब्रुवारीत परतीची बांधाबांध सुरू केली, तेव्हा आंब्याला मोहर आला होता. नगरच्या आमच्या मंडळीने, म्हणजे आमच्या चर्चने, आम्हाला अठरा महिन्यांच्या सेवेसाठी खानदेशात पाठवले होते. हे निवृत्त शिक्षक आणि मी निवृत्त परिचारिका. मुले आपापल्या संसारात रमलेली आणि आमचे हातपाय अजून धड, म्हणून आम्हीच होऊन नाव दिले होते. मानधन नव्हते, चर्चच्या मागच्या दोन खोल्या राहायला मिळाल्या आणि दीड वर्ष त्याच आमचे घर झाल्या.

नंदुरबार हा 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळा झालेला जिल्हा, आणि नवापूर त्याच्या अगदी गुजरातच्या वेशीवर. पश्चिम खानदेशात मिशनचे काम विसाव्या शतकाच्या आरंभापासूनचे आहे, त्यामुळे इथल्या मावची आणि भिल्ल वस्त्यांमध्ये तिसऱ्या-चौथ्या पिढीची ख्रिस्ती घरे आहेत. आम्ही तिथे नवे काही उभारायला गेलो नव्हतो. ह्यांच्याकडे मंडळीच्या जुन्या नोंदवह्या नीट उतरवून काढण्याचे काम होते. माझ्याकडे संडे स्कूलच्या शिक्षिकांची तयारी, बायकांचा संध्याकाळचा अक्षरवर्ग आणि घरोघरी जाऊन रक्तदाब व साखर तपासणे. शेवटचे आठवडे निरोपाचे आणि सावकाशीचे जातील अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात अठरा महिन्यांत इतके दमलो नव्हतो तितके या एकोणीस दिवसांत दमलो.

1 फेब्रुवारी, शनिवार

सकाळी खोलीबाहेर आले तेव्हा अंगणातला हंडा हातात धरवत नव्हता इतका गार होता. पाळकसाहेब, मंडळीचे दोन वडीलजन आणि संडे स्कूल सांभाळणारी बावीस वर्षांची मुलगी अशी आमची बैठक शेकोटीजवळच झाली. मी घरभेटींची वही उघडली. दोनशे पानी, कडेला तेलाचे डाग पडलेली ती वही म्हणजे माझे दीड वर्ष: त्रेचाळीस घरे, प्रत्येक घराला एक क्रमांक, त्याखाली माणसे, आजारपणे, कोणाची प्रार्थनेची काय विनंती, कोणाला चष्मा हवा. निघण्यापूर्वी त्रेचाळीसही घरी जायचे आणि प्रत्येक घरी त्या मुलीला बरोबर न्यायचे, असे ठरले. बोलणे तिने करायचे आणि मी नुसते बसायचे, ही अट पाळकसाहेबांनी घातली. ती मला त्या वेळी थोडी लागली, हे मान्य करायला हवे.

उकडलेल्या तुरीच्या शेंगा परातीत आल्या आणि बैठक संपली. नवापूरच्या तुरीच्या डाळीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. या दिवसांत तिकडे जाणाऱ्याने डाळ अवश्य आणावी, पण त्याआधी मीठ घालून उकडलेल्या शेंगा कोणाच्या तरी अंगणात बसून खाव्यात.

2 फेब्रुवारी, रविवार

महिन्याचा पहिला रविवार असल्याने प्रभुभोजन होते. त्याआधीच्या संडे स्कूलमध्ये मी मागच्या बाकावर बसले. धडा हरवलेल्या मेंढराचा होता. त्यासाठी मी नगरहून आणलेले रंगीत तक्ते कपाटात होते. तिने ते काढलेच नाहीत. तिने मुलांना बाहेर पाठवून ओंजळभर खडे आणवले, ते जमिनीवर मांडून मोजायला लावले आणि मोजणी होईपर्यंत त्यातला एक हळूच मुठीत लपवला. गोष्ट तिने मावचीत सांगितली आणि मेंढराची शेळी केली, कारण ही मुले शेळ्या राखतात. मेंढरे त्यांच्या रोजच्या पाहण्यातली नाहीत. मला अर्धेअधिक शब्द कळले नाहीत. मात्र एक खडा कमी आहे हे ध्यानात आल्यावर मुलांची जी शोधाशोध सुरू झाली, ती मी पाहिली, आणि एका चिमुरडीने त्या शेळीचे नाव काय होते असे विचारले, तेही मला समजले. दीड वर्ष मी मराठीतून आणि तक्त्यांवरून शिकवत होते, मुले शांत बसून ऐकत होती, आणि त्या शांततेलाच मी लक्ष समजत होते.

3 ते 7 फेब्रुवारी

हे पाच दिवस घरभेटींचे. सकाळी सातला निघायचे, उन्हे चढायच्या आत सहा-सात घरे करायची, दुपारी नोंदी आणि संध्याकाळी अक्षरवर्ग. सकाळी स्वेटर आणि दुपारी डोक्यावर पदर, असे या भागातले फेब्रुवारीचे हवामान असते. जाणाऱ्यांनी दोन्हीची तयारी ठेवावी आणि पाण्याची बाटली कधीही विसरू नये.

पाण्याचे मी एवढ्यासाठी सांगते की इथल्या आदिवासी समाजात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो. रक्तपेशी कोयत्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि थंडी लागली किंवा पाणी कमी पडले की सांधे व हाडे असह्य दुखतात. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. 2023 च्या जुलैपासून त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू आहे आणि तपासणी सरकारी दवाखान्यात होते. पण तपासणीला जा, असे विश्वासाचे माणूस सांगते तेव्हाच पावले उचलली जातात. आमच्या त्रेचाळीस घरांपैकी ज्या घरांत हा आजार आहे, त्यांची परवानगी घेऊन मी ती नावे गावच्या आशाताईंना आणि त्या मुलीला समजावून दिली. थंडीत मुलांना ऊब कशी द्यायची, दिवसभर पाणी किती पाजायचे, कोणती लक्षणे दिसली की तडक चिंचपाड्याच्या ख्रिस्ती रुग्णालयात न्यायचे, हे तिच्याकडून मी तीनतीनदा म्हणवून घेतले.

पाच दिवसांत छत्तीस घरे झाली. बाकीच्या घरांपैकी पाच घरी कुलूप होते. दिवाळीनंतर इथली अनेक कुटुंबे ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत जातात. म्हातारी माणसे आणि काही मुले तेवढी मागे राहतात, तर काही घरे पूर्णच बंद असतात. 27 क्रमांकाच्या घरी आम्ही दोनदा गेलो. दाराला कुलूप, ओसरीवर उलटी घातलेली खाट आणि वळचणीला मक्याची बांधलेली कणसे. त्या घरची सून नोव्हेंबरात निघाली तेव्हा तिला सहावा महिना होता. मी वहीत नुसते ‘बंद’ असे लिहिले आणि खाली जागा सोडली.

शुक्रवारी अक्षरवर्गाचा शेवटचा दिवस होता. ह्यांनी उतरवून काढलेली सभासदांची नवी नोंदवही सह्यांसाठी मुद्दाम तिथेच आणली. वाळवीने कडा खाल्लेल्या जुन्या वहीत एका आजींच्या नावापुढे शाईचा अंगठा होता. नव्या वहीत त्यांनी सही केली. त्यांनी पेन मुठीत धरले, मग बोटांत घेतले, पदराने तळहात पुसला आणि पहिले अक्षर काढून थांबल्या; शिरोरेषा आधी द्यायची की मागून, असे त्यांनी विचारले. मी सांगितले की तुम्हाला येईल तसे. त्यांनी ती शेवटी दिली, आणि दारावर तोरण बांधावे तशी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, नावाच्याही थोडी पुढे नेली.

8 फेब्रुवारी, शनिवार

दूरच्या पाड्यावर संध्याकाळी प्रार्थनासभा होती. आम्हाला नेणारी काळीपिवळी निम्म्या वाटेत बंद पडली आणि दुसरे वाहन मिळेना. चार किलोमीटर चालत, एका मोबाइलच्या उजेडात, आम्ही साडेनऊला पोहोचलो. सभा उरकून लोक झोपले असतील असे वाटले होते. ते सगळे मंडपात बसून होते, आणि लहान मुलेसुद्धा जेवली नव्हती. आधी हात धुवायला गरम पाणी आले, मग नागलीची भाकरी, उडदाची दाळ आणि लाल मिरचीची चटणी. जेवणानंतर ढोलकीवर मावची गीते सुरू झाली, ती बारापर्यंत चालली. अशा पाड्यांवर जायचे असेल तर मुक्कामाच्याच तयारीने जावे. रात्री परतण्याचा हट्ट यजमानांना अवघड जातो.

9 फेब्रुवारी, रविवार

निरोपाची उपासना. हार्मोनियमची काळी चार आदल्या पावसाळ्यापासून दाबली की वर येत नसे आणि वाजवणारा मुलगा करंगळीने ती उचलत राही. त्या दिवशीही त्याने तशीच उचलली. भाषणासाठी मी चार ओळी लिहून नेल्या होत्या. पाळकसाहेब म्हणाले, “सिस्टर, केलेलं सगळ्यांना माहीत आहे. राहिलेलं काय, तेवढं सांगा.” मग ह्यांनी उभे राहून राहिलेली तीन कामे वाचली: विवाह नोंदवहीतली नोंद नसलेली पाने जुन्या माणसांना विचारून पूर्ण करणे, अक्षरवर्ग आठवड्यातून दोनदा सुरू ठेवणे, आणि कुलूपबंद घरे उघडली की तिथे जाणे. प्रत्येक कामासमोर कोणीतरी उभे राहिले आणि स्वतःचे नाव सांगितले. तिसऱ्या कामाला ती मुलगी उभी राहिली. कपाटाची किल्ली मी तिच्या हातात दिली आणि त्या क्षणी माझा आवाज गेला. चार ओळी तशाच पर्समध्ये राहिल्या.

मंडळीने शाल दिली, कोणी तांदूळ, कोणी डाळ, अक्षरवर्गातल्या बायकांनी मिळून शिवलेली गोधडी. एका आजोबांनी कोंबडा आणला. तो आम्ही कृतज्ञतेने घेतला आणि त्याच दुपारी सगळ्यांच्या जेवणात घातला. सेवेसाठी अशा गावी जाऊ इच्छिणाऱ्या निवृत्त जोडप्यांना एक सांगावेसे वाटते: जाताना एखाद्याच घराला पैसे किंवा मोठी वस्तू देऊ नये. जे द्यायचे ते मंडळीच्या हाती, सर्वांसमक्ष द्यावे. हवाली करायची कामेही शेवटच्या आठवड्यावर न ठेवता किमान दोन महिने आधी दुसऱ्याच्या हाती द्यावीत. आम्ही हे उशिरा केले.

10 फेब्रुवारी, सोमवार

नवापूरचे स्टेशन प्रवाशांना ठाऊक असते ते त्याच्या बाकामुळे. स्टेशन झाले तेव्हा दोन राज्ये वेगळी नव्हती. 1 मे 1960 रोजी मुंबई राज्याचे विभाजन झाले आणि हद्द फलाटावरूनच गेली. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तरांचे कार्यालय गुजरातेत आणि मध्ये एक बाक, अर्धे इकडे नि अर्धे तिकडे. घोषणाही मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांत होतात. आम्हाला पोहोचवायला तीसेक माणसे आली होती. त्या बाकाभोवती गोल करून प्रार्थना झाली, आणि काहीजण महाराष्ट्रात तर काहीजण गुजरातेत उभे राहून “सलाम, सलाम” म्हणत राहिले. गाडी चिंचपाड्याकडे वळेपर्यंत गोधडी माझ्या मांडीवर होती.

10 ते 13 फेब्रुवारी : नंदुरबार आणि शहादा

परतीच्या वाटेवर सूरत-भुसावळ मार्गावरच्या मंडळ्यांना भेटून त्यांना कामाची माहिती द्यावी, असे मंडळीने सांगितले होते. नंदुरबारात त्या दिवसांत हवेलाच ठसका असतो. शहराबाहेर मिरचीच्या पथारी पसरलेल्या असतात. नजर पोहोचेल तिथवर लाल जमीन, आणि तिच्यावर वाकून मिरची वरखाली करणाऱ्या बायका. आमची सभा अशाच एका पथारीवर काम करणाऱ्या बायकांच्या वस्तीत होती. प्रार्थनेला हात जोडले तरी त्या बोटे डोळ्यांपासून दूर ठेवत होत्या, कारण कितीही धुतले तरी मिरची हातातून जात नाही. मी त्यांना धुण्याआधी हाताला तेल चोळण्याचा उपाय सांगितला. तो त्यांना माहीत होता, तेलच परवडत नव्हते. दुसऱ्या दिवशी मंडळीच्या महिला संघाने तेलाचा डबा वस्तीत पोहोचवला. पथारी पाहायला जाणाऱ्यांनी नाकातोंडाला रुमाल बांधावा आणि बायकांचे फोटो त्यांना विचारूनच काढावेत.

शहाद्याला एक दिवस गेला. जाताना प्रकाशाच्या पुलावरून तापी पाहिली. पाणी शांत आणि पात्र रुंद होते.

14 फेब्रुवारी, शुक्रवार : अमळनेर

साने गुरुजी 1924 ते 1930 या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. हे स्वतः छत्तीस वर्षे शिक्षक, त्यामुळे गाडीतून उतरल्यावर आधी शाळेच्या फाटकापाशी जाऊन ते पाच मिनिटे नुसते उभे राहिले. मुक्काम मंडळीतल्या एका वयस्क शिक्षक जोडप्याकडे होता. त्यांची भाषा अहिराणी. दारातच “बठा, जेवण करी ल्या” म्हणून पाट मांडला गेला. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी, ठेचा, कच्चा कांदा आणि शेवभाजी. नागलीच्या भाकरीवरून कळण्याच्या भाकरीवर आलो, तेव्हा एकाच खानदेशातले डोंगर आणि मैदान किती वेगळे आहेत ते जिभेला कळले. रात्री त्या बाईंनी विचारले, “तुम्ही तिथं काय सोडून आलात?” मी सांगितले, “एक वही.”

15 फेब्रुवारी, शनिवार : जळगावकडे

वाटेत धरणगाव लागते. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे बालकवी, 1890 मध्ये इथे जन्मले. आम्हा नगरकर ख्रिस्ती लोकांना त्यांच्याविषयी घरच्या माणसासारखी ओढ आहे, कारण रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई यांच्या नगरच्या घरात ते मुलासारखे राहिले होते. 5 मे 1918 रोजी, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, भादली स्टेशनाजवळ रेल्वे अपघातात ते गेले. भादली जळगाव आणि भुसावळ यांच्यामध्ये आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी तिथून गेली तेव्हा आम्ही खिडकीशी गप्प बसलो होतो.

शनिवारची संध्याकाळ मात्र भरताची. जळगावपासून जवळच्या एका शेतात मंडळीतल्या कुटुंबांनी जमून भरीत केले. फिकट हिरवी, हातभर वांगी कपाशीच्या काड्यांच्या जाळावर टाकली, साल करपून सुटेपर्यंत उलटीपालटी केली आणि देठ न काढता सोलली. लाकडी बडगीत भाजलेल्या हिरव्या मिरच्या नि लसूण आधी ठेचला, मग वांगी घालून ती मुसळीने घोटली. त्यावर कांद्याची पात, शेंगदाणे आणि कोथिंबीर. काड्यांच्या धुराचा वास या भरताला असतो, तो गॅसवर भाजलेल्या वांग्याला येत नाही. ही वांगी खायची तर हिवाळ्यातच जावे. उन्हाळ्यात तिथला पारा 45 अंशांपर्यंत चढतो आणि तो हंगाम प्रवासाचा नव्हे.

जेवणाआधी एका आजोबांनी केलेली आभाराची प्रार्थना इतकी लांबली की भाकऱ्या गार झाल्या. त्यांनी नवापूरच्या त्रेचाळीस घरांसाठी प्रार्थना केली, आणि मी सांगितले तेवढे सगळे आजार एकेक करून घेतले.

16 ते 18 फेब्रुवारी : भुसावळ

रविवारी रेल्वेच्या या गावात उपासना, दुपारी मंडळीच्या समितीपुढे अहवाल. ह्यांनी नोंदवह्यांची प्रत दिली आणि मी संडे स्कूलविषयी बोलले. एका सदस्यांनी विचारले की पुढच्या जोडप्यासाठी तक्ते पाठवावेत का. मी सांगितले की पुढचे जोडपे पाठवण्याआधी त्या मुलीला विचारा, तिला काय हवे आहे ते. दोन दिवस लेखी अहवाल करण्यात गेले. अहवालात खडे आणि शेळीचा प्रसंग मी पूर्ण एक पान लिहिला. ह्यांचे म्हणणे पडले की चार ओळी पुरे. पण ते पान मी तसेच राहू दिले.

19 फेब्रुवारी, बुधवार

मनमाडमार्गे नगरची गाडी. चाळीसगाव मागे पडले तेव्हा फोन वाजला. ती मुलगी बोलत होती आणि मागे कोंबड्यांचा आवाज येत होता.

“सिस्टर, 27 नंबरचं घर उघडलं. सून बाळंतपणाला परत आली होती. मुलगी झाली, वजन 2 किलो 600. मी काल जाऊन आले.”

बाळ दूध नीट घेते का, असे मी विचारणार होते. तेवढ्यात तीच पुढे म्हणाली, “दूध घेतंय. नवरा-बायको दोघांची सिकलसेलची तपासणी झालेली नाही, तर उद्या आशाताईंबरोबर तिघांना दवाखान्यात नेते. तुम्ही सोडलेल्या जागेत लिहिलं आहे सगळं. जागा कमी पडली, म्हणून पुढचं पान घेतलं.”